लाभ

पोरीनं पुण्याहून धाडलेल्या खोक्यात
एक पांढरी पेटी, एक प्लास्टिकचा कप
आणि दोन तोंडांचा चमचा,
एक तोंड मोठं, एक लहान.
पेटी पंचफुलेनं पाहिली. मी कप पाहिला.
खिडकीशी धरून रेघा वाचल्या.
चाळीस वर्षं मापारी होतो हिंगणघाटात,
पायलीपासून काट्यापर्यंत.
काटा आपला आकडा आपणच दाखवू लागला
तेव्हा घरी आलो.

आधी पाणी.
माठातलंच; मे महिना आहे,
नळाचं दुपारी चहासारखं येतं.
कप ओट्यावर, डोळा रेघेच्या पातळीत,
ओतलं, आणि तोंडातून निघून गेलं:
लाभ.
"पाण्यातबी लाभ होते का बाप्पा?" पंचफुला हसली.
पण पहिल्या मापाला एक म्हणणारी जीभच नाही माझी.
रास कुणाचीही असो,
लाभ, मग दोन, मग तीन.

तेल दोन चमचे. मीठ या कोपऱ्यात, साखर त्या.
मग पीठ. इथं पोरगी फोनवर तीनदा म्हणाली,
बाबा, दाबू नका.
कप पिठात खुपसू नका, चमच्यानं सैल भरा,
सुरीच्या पाठीनं वरचं काढा.
मला सांगते!
शीग आणि सपाट यांच्यामधल्या जागेत
तिची बारावीपर्यंतची फी निघाली आहे.

पहिल्या दिवशी हातानं सवयीनं
कप ओट्यावर टेकवला. टक्.
पीठ खाली बसलं, वर दोन बोटं जागा झाली,
ती भरली.
लाभ, टक्. दोन, टक्. तीन, टक्.
तीन तासांनी डब्यातून वीट निघाली.
उपासरावानं बोटानं वाजवून पाहिली:
"न्हाणीच्या दगडाखाली लावाले चांगली हाये."

ती टक् माझ्या ओळखीची.
बुधवारच्या बाजारात
देवकाबाई येरणेची तूर मोजताना
अडत्या दुसरीकडे पाहायचा,
तेव्हा मी ती वाजवायचो.
बाई ओठ हलवत माझ्यासोबत मोजायची.
आकडे दोघांचे जुळायचे.
घरून मोजून आणलेल्या अकरा पायल्या
बाजारात दहा भरायच्या.
"रस्त्यात सांडली असन," म्हणायची,
आणि पोत्याचं बूड उलटं करून
भोक शोधायची.

काल पुन्हा मांडलं.
लोकवन अर्धं, मैदा अर्धा.
कप ओट्याला लागू दिला नाही,
हवेत धरूनच भरला. मनगट दुखलं.
वर बोटानं खळगा, खळग्यात यीस्ट,
पाण्याला नाही, मिठाला नाही,
भांडलेल्या भावांच्या मधे
पंगतीत बसवलेल्या पाहुण्यासारखं.
तीन तास लाइन गेली नाही.
मे महिन्यात हा वेगळाच लाभ.

मधेच पेटी वाजते.
पुस्तकात लिहिलंय, आता हवं ते घाला.
किती, ते लिहिलेलं नाही.
जवसाची बरणी घेऊन मी उभा.
कप उचलला, ठेवला.
चमच्याचं मोठं तोंड, लहान तोंड.
पेटी पुन्हा वाजली.
पंचफुलेनं बरणीत हात घातला,
पसाभर काढलं, झाकण उघडून सोडून दिलं
आणि हात पदराला पुसला.
"किती घातलं?"
"मले का मालूम."

पाव डब्याच्या वर आला होता.
बुडाला पात्याचं भोक, ते असतंच म्हणे.
मी काप काढले.
लाभ म्हणून पहिला ताटलीत बाजूला ठेवला.
देवकाबाईला जाऊन नऊ वर्षं झाली.
संध्याकाळपर्यंत तो तसाच होता,
कडा वाळत चाललेल्या.
मग उपासराव आला, विचारलं नाही,
उभ्या उभ्याच खाऊन टाकला.
"आज हलका झाला," म्हणाला.